गाव म्हणते पाणी वाईट, अहवाल म्हणतो योग्य. मग आरओ प्लांट बसवावा का?

केज तालुक्यातील एका गावच्या ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाला दोन स्रोतांचे पाणी मिळते: पाझर तलावाखालची जुनी सार्वजनिक विहीर आणि गावालगतचा एक खोल बोअर. दोन्हींचे पाणी एकाच टाकीत चढवले जाते आणि तीन दिवसांआड नळांना सोडले जाते. गावातील तरुणांनी घरोघरी जाऊन लोकांची मते घेतली, तेव्हा बहुतेकांनी पाणी वाईट असल्याचे सांगितले. कोणी मचूळ म्हटले, कोणी गढूळ म्हटले, तर अनेकांनी या पाण्याने मुतखडा होतो असे सांगितले. प्रयोगशाळेच्या अहवालावर मात्र पाणी पिण्यास योग्य असल्याचा शेरा आहे. आता वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरता येणाऱ्या निधीतून, पाण्यातील क्षार गाळून काढणारा आरओ प्लांट बसवावा की नाही, यावरून ग्रामसभेत दोन तट पडले आहेत.

मी बरीच वर्षे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावांच्या नळयोजना तपासत आलो आहे; पुढचे विवेचन त्या कामावर आधारलेले आहे.

तुमच्या गावात लोक आणि अहवाल एकमेकांना खोटे पाडत आहेत असे वरवर दिसते, परंतु दोघे वेगवेगळ्या पाण्याबद्दल बोलत असण्याची शक्यता अधिक आहे. अहवाल ज्या बाटलीवरून तयार झाला ती बहुधा विहिरीवर किंवा बोअरच्या तोंडाशी, एका ठरावीक दिवशी भरलेली असते. लोक ज्या पाण्याबद्दल बोलतात ते टाकीतून, जुन्या पाइपलाइनमधून, नालीच्या कडेने येऊन त्यांच्या हंड्यात पडलेले आणि पुढचे तीन दिवस घरात साठवलेले पाणी असते. त्यामुळे कोण खरे, हा वाद ग्रामसभेत कितीही रंगला तरी त्यातून निर्णय निघणार नाही. लोकांच्या मतात पाणी कुठे आणि केव्हा बिघडते याची माहिती असते, आणि ती सहसा बरोबर असते. त्या पाण्यातून धोका किती, हे मात्र चवीवरून किंवा रंगावरून कळत नाही. हे दोन भाग वेगळे केले की पुढचा मार्ग बराच सोपा होतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. तुमच्या बोअरची खोली, अहवालातील प्रत्यक्ष आकडे, पाइपलाइनचे वय आणि गावाचा उतार यांपैकी काहीच तुम्ही कळवलेले नाही. म्हणून पहिले काम म्हणजे तो अहवाल पुन्हा हातात घेणे आणि खालचा शेरा बाजूला ठेवून वरचे आकडे वाचणे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००: २०१२ मध्ये, बहुतेक घटकांसाठी दोन मर्यादा दिलेल्या आहेत: एक स्वीकारार्ह मर्यादा आणि दुसरी, पर्यायी स्रोत उपलब्ध नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या टीडीएससाठी, या मर्यादा लिटरला ५०० आणि २००० मिलिग्रॅम आहेत. एकूण काठिण्यासाठी, म्हणजे पाण्याच्या जडपणासाठी, २०० आणि ६००. आपल्याकडील बेसॉल्टमधले, म्हणजे काळ्या खडकातले, बोअरचे पाणी बहुतेक वेळा या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी बसते. म्हणजे ते नियमाने 'योग्य' ठरते आणि जिभेला नकोसे वाटते. तुमचा अहवाल आणि तुमचे गावकरी दोघेही येथे बरोबर असू शकतात.

याच मानकात नायट्रेटसाठी दुसरी मर्यादाच नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅम ओलांडले की पाणी पिण्यास अयोग्य, मग पर्यायी स्रोत असो वा नसो. फ्लोराइडला १ आणि फार तर १.५ मिलिग्रॅम एवढीच सूट आहे. आणि जिवाणूंच्या बाबतीत तर १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, सापडताच कामा नये. यांपैकी एकाही गोष्टीला चव नाही, रंग नाही, वास नाही. तुमच्या सर्वेक्षणात कोणी 'पाण्यात नायट्रेट आहे' असे सांगितले नसेल, आणि सांगणे शक्यही नव्हते.

आता लोकांची मते एकेक करून पाहू, कारण ती झटकून टाकण्यासारखी नाहीत. पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरे डाग राहतात, या तक्रारी काठिण्याच्या आहेत आणि त्या शंभर टक्के खऱ्या असतात. बायकांनी डाळीवरून दिलेले मत मी प्रयोगशाळेत तपासून पाहिले आहे आणि ते क्वचितच चुकलेले आढळले. मात्र कठीण पाणी हे मुख्यतः गैरसोयीचे पाणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्यासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही, आणि कठीण पाण्याने मुतखडा होतोच असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. आपल्या भागात चाळीस अंशांच्या उन्हात रानात काम करणारा माणूस दिवसभरात दोनच तांबे पाणी पितो, आणि मुतखड्याशी या कमी पाणी पिण्याचा संबंध अधिक पक्का आहे. येथे एक उलटा परिणाम मी नेहमी पाहतो: पाणी मचूळ लागते म्हणून लोक कमी पितात, आणि कमी प्यायल्याने त्रास होतो. म्हणजे चवीची तक्रार आरोग्याची नाही असे म्हणून ती सोडून देता येत नाही.

गढूळपणाची तक्रार आली की मी लगेच विचारतो की पाणी कायम गढूळ येते, की नळ सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटेच. कायम गढूळ असेल तर दोष विहिरीत किंवा टाकीत आहे. पहिलेच पाणी गढूळ आणि उग्र वासाचे असेल तर पाइपलाइनमध्ये बाहेरचे पाणी शिरते आहे. हा फरक एकाही अहवालात सापडणार नाही, पण हंडा भरणाऱ्या प्रत्येक बाईला तो माहीत असतो. आणखी एक तक्रार असते, पाण्याला औषधाचा वास येतो ही. त्या तक्रारीवरून वॉलमन, म्हणजे नळाला पाणी सोडणारा कर्मचारी, ब्लीचिंग पावडर कमी करतो किंवा बंदच करतो, कारण त्याला रोज बोलणी खावी लागतात. लोकमताचा मान राखण्याच्या नावाखाली गावाच्या आरोग्याचे सर्वाधिक नुकसान येथे होते असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून सर्वेक्षण पुन्हा करा, पण प्रश्न बदलून. 'पाणी चांगले की वाईट' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी पाणी कोण भरते ते विचारा आणि त्याच व्यक्तीशी बोला. बैठकीत बसलेल्या कर्त्या पुरुषाचे मत बहुधा ऐकीव असते. पहिले पाणी कसे येते, पावसाळ्यात काय बदलते, धार कितपत असते, मोटार लावावी लागते का, पिण्यासाठी जार विकत आणता का, गेल्या पावसाळ्यात घरात कोणाला जुलाब किंवा कावीळ झाली होती का, एवढे विचारले तरी पुरे. शक्यतो पाणी सुटलेल्या दिवशी, ते सुटलेले असतानाच जा. ही उत्तरे कागदावर काढलेल्या गावाच्या साध्या नकाशावर घराघरापाशी लिहा आणि आशाताईंच्या नोंदवहीतील जुलाबाच्या नोंदी त्याच नकाशावर मांडा. अशा नकाशावर तक्रारी गावभर सारख्या विखुरलेल्या मला क्वचितच दिसल्या आहेत. एखादी गल्ली, एखाद्या व्हॉल्व्हच्या पलीकडचा भाग किंवा उताराच्या शेवटची वस्ती ठळकपणे पुढे येते.

त्यानंतर वॉलमनला सोबत घेऊन त्या गल्लीतून पायी चाला. धार कमी असल्यामुळे लोकांनी नळाची उभी नळी कापून टाकलेली असते आणि जमिनीच्या पातळीखाली फूट-दीड फूट खड्डा करून त्यात पाणी भरण्याची सोय केलेली असते, हे तुम्हाला बहुधा दिसेल. नळाला तोटी नसते. पाणी बंद झाले की खड्ड्यात साचलेले सांडपाणी, शेवाळ, शेजारच्या नालीतून झिरपलेले पाणी, सगळे त्या उघड्या तोंडाशी येऊन राहते. टाकीचा व्हॉल्व्ह बंद होताच पाइप रिकामा होऊ लागतो आणि आत उलटा ओढा तयार होतो. खड्ड्यातले पाणी पाइपात जाते आणि तीन दिवसांनी 'पहिले पाणी' म्हणून पुढच्या घराच्या घागरीत येते. ज्या घराचा खड्डा आहे त्याला याचा पत्ताही नसतो. वरच्या अंगाला कोणी नळाला थेट मोटार जोडली असेल तर हा ओढा आणखी वाढतो, कारण मोटार पाण्याबरोबर प्रत्येक गळक्या जोडातून बाहेरची घाणही खेचते. मराठवाड्यातील बहुतेक गावांमध्ये आणि शहरांमध्येही नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाइप रिकामे राहण्याचे तास जितके जास्त तितका हा धोका जास्त असतो.

या टप्प्यावर तपासणी करा, आणि तीही तक्रारीच्या ठिकाणी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या क्षेत्रीय संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे; तुमच्या गावचा संच ग्रामपंचायतीच्या कपाटात न उघडता पडलेला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. त्याच्यासोबत जिवाणूंच्या प्राथमिक चाचणीसाठी एचटूएसची छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळे पडले तर मलमूत्राचा संसर्ग असल्याचा संशय घ्यायचा. ही चाचणी अंतिम नाही, परंतु ग्रामसभेत तिचा उपयोग मोठा आहे. टाकीवरची बाटली स्वच्छ आणि शेवटच्या नळावरची काळीकुट्ट, अशा दोन बाटल्या टेबलावर शेजारी ठेवल्या की दोन्ही तट एकाच गोष्टीकडे पाहू लागतात. संशय आलेल्या ठिकाणचे नमुने मग प्रयोगशाळेकडे पाठवा. जिवाणू तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली आणावी, नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, बाटलीच्या तोंडाला बोट लागू देऊ नये आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत पोहोचवावा. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत फिरलेल्या नमुन्याचा निकाल कोणत्याच बाजूने विश्वासार्ह नसतो.

निर्जंतुकीकरण हा या सगळ्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. प्रमाण साधारणपणे हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असे धरतात, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पाणी गढूळ असेल तर अधिक लागते. पावडर थेट टाकीत फेकू नये. बादलीत तिची पातळ लापशी करून, ढवळून, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळी टाकीत सोडावी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास पाणी नळाला सोडू नये. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते; ओलसर जागी उघड्या पडलेल्या पोत्यातील पावडरीत ते झपाट्याने घटते, आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरण्यात अर्थ नसतो. त्यामुळे पावडर किती टाकली याला महत्त्व देऊ नका. शेवटच्या नळाला क्लोरीन किती उरले हे पाहा. ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून रंग पाहण्याच्या चाचणीत, तेथे फिकट पिवळी छटा येऊन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसले पाहिजे. टाकीखालच्या पहिल्या घरी गडद पिवळा आणि वस्तीच्या टोकाला पांढरे पाणी असेल, तर मधे घाण शिरून क्लोरीन खाते आहे असे समजावे. तेथेच पाइप उकरावा. वासाची तक्रार करणाऱ्यांना सांगण्यासारखे एवढेच की पाणी माठात उघड्या हवेवर काही तास राहिले की तो वास जातो.

आरोग्य विभाग वर्षातून दोनदा सार्वजनिक स्रोतांची स्वच्छता पाहून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. तुमचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे विचारून घ्या आणि पिवळे किंवा लाल असल्यास त्यामागची कारणेही लेखी मागा, कारण ती कारणे बहुधा मी वर सांगितली तीच निघतील.

आता आरओ प्लांटचा प्रश्न. माझी भूमिका आरओच्या विरोधात नाही, पण तो कशासाठी हवा हे आधी ठरले पाहिजे. नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल आणि दुसरा स्रोत मिळत नसेल तर पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यापुरता आरओ योग्य ठरतो. नांदेडच्या किनवटसारख्या भागात, जेथे फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात, तेथे मी स्वतः शुद्धीकरणाचा किंवा स्रोत बदलण्याचाच आग्रह धरीन. क्षार पंधराशे-अठराशेच्या घरात असतील तरीही विचार करता येईल. परंतु तुमची खरी अडचण शेवटच्या गल्लीतील गढूळ पहिले पाणी ही असेल, तर प्लांटमुळे ती तशीच राहील. ज्यांना जार परवडतो ते वाचतील आणि ज्यांना परवडत नाही ते तेच पाणी पीत राहतील. शिवाय प्लांटनंतर नळाच्या पाण्याकडे कोणी लक्ष देत नाही, हा अनुभव फार वाईट आहे.

प्लांटचा खर्च बसवण्यात कमी आणि चालवण्यात जास्त असतो. मेम्ब्रेन, फिल्टर, वीजबिल आणि तो सांभाळणारा माणूस, यांची तरतूद नसल्याने बंद पडलेली पाण्याची एटीएम तुम्ही आसपास पाहिलीच असतील. दुसरे म्हणजे टाकाऊ पाणी. आरओमध्ये शुद्ध पाण्याबरोबर क्षारांनी भरलेले बरेच पाणी बाहेर पडते, घरगुती यंत्रात तर ते अनेकदा शुद्ध पाण्यापेक्षा जास्त असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या भागातील लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हे पाणी नालीत सोडताना दोनदा विचार झाला पाहिजे. आणि ते बोअरशेजारीच सोडले तर त्याच बोअरचे क्षार वाढण्याची सोय होते.

खिशातल्या टीडीएस मीटरबद्दलही एक सावधगिरी बाळगा. जार विकणारे दारात येऊन मीटर बुडवतात, नळाचे ९०० आणि जारचे ५० असे आकडे दाखवतात आणि गिऱ्हाईक गप्प होते. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो; त्याला जंतू दिसत नाहीत, आणि क्षारांपैकी नायट्रेट किती व फ्लोराइड किती हेही कळत नाही. जारच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक नसते, जार आतून घासलेला नसला तर त्यात जंतू आरामात वाढतात, आणि सीलबंद नसलेल्या या पाण्याची नियमित तपासणी कोण करतो, हे विक्रेत्याला एकदा जरूर विचारा.

तुमच्या गावात मला सर्वांत आशादायक वाटणारी गोष्ट म्हणजे पाझर तलावाखालची विहीर. अशा विहिरीचे पाणी दरवर्षी पावसाने ताजे होते, म्हणून ते खोल बोअरच्या पाण्यापेक्षा सहसा हलके असते. दोन्ही स्रोतांचे नमुने वेगवेगळे तपासा. सध्याचा अहवाल कशाचा आहे हेही त्यातून कळेल. विहिरीचे पाणी खरोखर चांगले निघाले तर दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळण्याऐवजी वेगवेगळ्या पाळीने सोडता येते, म्हणजे सकाळी तासभर विहिरीचे पिण्यासाठी आणि नंतर बोअरचे वापरासाठी. त्याला व्हॉल्व्ह आणि वेळापत्रक बदलण्यापलीकडे फारसा खर्च येत नाही, आणि चवीच्या बहुतेक तक्रारी तेथेच मिटतात.

मात्र त्या विहिरीचे रक्षण करावे लागेल. विहिरीजवळचे उकिरडे, गोठे आणि संडासाचे शोषखड्डे हेच नायट्रेटचे मुख्य मूळ असते. वरच्या शेतातला युरिया त्यात भर घालतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते, आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाला दुधाची पावडर अशा पाण्यात कालवून देणे धोक्याचे असते. शोषखड्डा किमान १५ मीटर दूर असावा असा संकेत आहे, पण आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि भेगाळलेला खडक असतो, त्यातून पाणी मातीपेक्षा खूप वेगाने वाहते. म्हणून मी यापेक्षा बरेच अधिक अंतर सुचवतो, विशेषतः खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर. विहिरीला कठडा, भोवती सिमेंटचा ओटा आणि सांडलेले पाणी दूर नेणारी नाली ही कामे बंधित निधीतून होऊ शकतात, आणि माझ्या मते त्या निधीचा पहिला दावा त्यांचा, गळक्या जोडांचा आणि तोट्यांचा आहे.

उन्हाळ्यात टँकर लागला तर तो याच विहिरीत रिकामा करण्याची पद्धत तुमच्याकडेही असेल. तसे झाल्यास टँकरच्या पाण्यातील क्लोरीन विहिरीत संपते आणि शेंदून काढलेले पाणी असुरक्षित होते. त्या महिन्यांत टँकर थेट टाकीत किंवा बंद सिंटेक्समध्ये घ्यावा. ते शक्य नसेल तर विहिरीत रोज टीसीएलची निवळी टाकावी आणि घरी मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचे, थेंब, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, वापरावेत.

थोडक्यात क्रम असा धरा: नकाशा, शेवटच्या नळाची ओटी चाचणी, तक्रारीच्या गल्लीतील खड्डे आणि गळती, दोन्ही स्रोतांचे वेगळे अहवाल, आणि त्यानंतर आरओचा निर्णय. हे काम मे महिन्यात सुरू केलेत तर पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच नळांवर पुन्हा तपासणी करता येईल. दोन्ही वेळचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर गल्लीच्या नावासह लिहा. नायट्रेट आणि फ्लोराइडचे आकडे आल्यावर ते येथे कळवलेत, तर प्लांटबद्दल मी याहून नेमके सांगू शकेन.